लहान मुलांना रझांची चित्रं दाखवायची, तर सुरुवात ठिपक्यापासून

पाच-सहा वर्षांच्या मुलांपुढे ‘सय्यद हैदर रझा, जन्म १९२२’ असं सुरू केलं की ती खिडकीबाहेर बघू लागतात. नाव, साल नंतर. आधी फळ्यावर खडूने लाडवाएवढा ठिपका काढा, गच्च भरा आणि मुलांना समोर मांडी घालून बसवा. एक मिनिट फक्त त्याच्याकडे बघायचं. चुळबुळ होईल, कुणी हसेल, होऊ द्या.

मग गोष्ट सांगा. मध्य प्रदेशात, मंडला जिल्ह्यातल्या जंगलाजवळ एक मुलगा राहायचा. वडील वनखात्यात. वर्गात त्याचं लक्षच लागेना, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर असाच ठिपका काढला आणि त्याला त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं. पुढे तो नागपूरला आणि मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकला, १९५० मध्ये पॅरिसला गेला. आणि पन्नाशी उलटल्यावर तोच ठिपका ‘बिंदू’ होऊन त्याच्या चित्रांत येऊन बसला. मुलं नुकतीच ठिपक्यासमोर बसून उठलेली असतात, त्यामुळे कान देऊन ऐकतात.

आता चित्रं दाखवा. बिंदूची दोन-तीन पुरेत, पण मोठी छापलेली हवीत. नजर आधी कुठे जाते? काळ्या बिंदूभोवती किती गोल आहेत? एवढंच विचारा. कुणी सूर्य म्हणेल, कुणी डोळा, कुणी विहीर. बिंदू म्हणजे बीज, सृष्टीचा उगम वगैरे या वयात सांगूच नये, असं माझं ठाम मत आहे. त्याने मुलाची विहीर बुजते.

शेवटी रंग. जाड कार्डशीट आणि काळा, पांढरा, लाल, पिवळा, निळा एवढेच पोस्टर कलर घ्या. कागदावर वाटी पालथी घालून पेन्सिल फिरवायची, मग तिच्याभोवती डबा, मग ताटली. आतला गोल काळा. तो पूर्ण वाळेपर्यंत शेजारचा रंग द्यायचा नाही, इथेच बहुतेक चित्रं बिघडतात: ओल्या काळ्याला पिवळा टेकला की कड हिरवट, मळकट होते. वाळेपर्यंत अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढू द्या. घरात आजी रांगोळी घालत असेल तर तिलाच बोलवा.

एखाद्याचा काळा गोल कागदाच्या कोपऱ्यात गेला तर सुधारू नका. शेजारी बसा आणि विचारा, ‘हा इथे का बसवलास?’