भिंत रंगवायला निघालायत? आधी ओट्यावर बसा

दर जूनला चार-पाच जणांचे मेसेज येतात, ताई आम्हाला पण वस्तीत चित्रकलेचा वर्ग घ्यायचाय, भिंती रंगवायच्यात, सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहितेय. तुमच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा झाल्यायत आणि हात बरा आहे हे धरून चालते.

माझं म्हणाल तर इंटरमिजिएटला ए ग्रेड, मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयाचं स्वप्न, त्याच्या प्रवेशपरीक्षेत, सीईटीत आपटले, मग पुण्यात एटीडी म्हणजे कलाशिक्षकाचा डिप्लोमा केला आणि आता एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. त्यामुळे पैशाच्या बाबतीत माझा सल्ला घेऊ नका.

चित्र काढलं की मन शांत होतं असं सगळे सांगतात ना, माझं पहिले सहा महिने उलट बिघडलं. रविवारी सकाळी पुण्याच्या मंडईत जाऊन बसायचे, १८८६ची ती इमारत आणि वरचा अष्टकोनी मनोरा, आणि आठातल्या दिसणाऱ्या तीन बाजू कधी म्हणजे कधी जुळायच्या नाहीत. खोडून खोडून कागद फाटायचा, डोळ्यात पाणी यायचं. एकदा शेजारच्या भाजीवाल्या आजी मान लांब करून बघत म्हणाल्या, "मनोरा वाकडाय गं, पण माझी वांगी झ्याक आलीत." त्यानंतर दोन महिने नुसती वांगी, पाट्या, तागडी काढली. कुणाला दाखवायचंच नव्हतं. झोप लागायला लागली ती तेव्हापासून. तुम्हाला वेळ लागला तर घाबरू नका, लागतोच.

आता मी ज्यात सापडले ते. हे नीट वाचा, बाकीचं गाळलंत तरी चालेल.

येरवड्याकडच्या एका वस्तीत समाजमंदिराची भिंत मिळाली. आम्ही पाच जण, सगळे बाहेरचे, कॅफेत बसून डिझाइन केलं. हसणारा मुलगा, हिरवी कचरापेटी, वर मोठ्या अक्षरात 'कचरा करू नका, परिसर स्वच्छ ठेवा'. दोन दिवसांत भिंत झाली पण. फोटो, लाइक्स, सगळं. तिसऱ्या दिवशी दुपारी एक मावशी ढकलगाडी घेऊन आल्या, पोराकडून ती ओळ वाचून घेतली आणि मला म्हणाल्या, "सकाळी सहापासून तुमच्या सोसायट्यांचा कचरा वेचून आले मी. आन् माझ्याच दारात लिहिलंस व्हय, कचरा करू नका?"

त्या गल्लीतल्या निम्म्या बायका कचरावेचक होत्या. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना पुण्यात १९९३पासून आहे, हे मला पाठ होतं, निबंधात लिहिलं होतं मी! पण भिंत कुणाच्या दारात आहे हे विचारायचं सुचलं नाही. म्हणजे बघा, चूक रंगाची नव्हती, रेषेची नव्हती, हेतू तर किती चांगला. चूक एवढीच की काय सांगायचं ते आम्ही ठरवलं आणि ज्यांच्या भिंतीवर सांगायचं त्यांना कुणी विचारलंच नाही. परवानगी होती आमच्याकडे, नगरसेवकाची. नगरसेवक त्या गल्लीत राहत नाही. तुम्ही 'पाणी वाचवा' लिहाल तिथे नळाला तासभर पाणी येत असेल, 'मुलगी शिकवा' लिहाल तिथली पोरगी तुमच्यापेक्षा जास्त शिकलेली असेल. आधी विचारा. मग परत विचारा, कारण पहिल्यांदा लोक तुम्हाला बरं वाटावं म्हणून 'काढा की' म्हणतात.

आम्ही पांढरा मारला. पुढचे तीन रविवार मी ब्रश न नेता नुसती ओट्यावर बसले, लाज वाटत होती खूप. चौथ्या रविवारी त्याच मावशींनी कमरेच्या पिशवीतून संघटनेचं ओळखपत्र काढलं, कडा झिजलेलं, आणि म्हणाल्या हे काढ, मोठ्ठं. काढलं. फोटोत कुणाचा चेहरा यावर इतकी भांडणं झाली की चौकट रिकामी ठेवली, आता येणारी-जाणारी पोरं तिथे डोकं लावून फोटो काढतात.

चौकटीभोवती रांगोळी हवी होती. मावशींनी ठिपके दिले आणि जोडायला लागल्या. शेजारच्या अक्का महबूबनगरकडच्या, बांधकामावर आलेलं कुटुंब, त्या त्याला मुग्गू म्हणतात आणि त्यांची रेघ ठिपक्याला शिवतच नाही, वळसा घालून पुढे जाते. "अगं ठिपके जोडायचे असतात!" "जोडायचं नाय, फिरायचं." अर्धा तास हेच. शेवटी डावीकडे जोडलेली, उजवीकडे फिरलेली, आणि जिथे दोन्ही भेटतात तो कोपरा चार वेळा पुसला. इतकी वर्षं एका नळावर भरत होत्या दोघी, पण एकमेकींचा उंबरा त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. मी स्वतः रांगोळी म्हणजे आपली एवढंच समजत होते.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडू आहे. पिंटरेस्टवरून वारली ट्रेस करून लिफ्टशेजारी चिकटवणाऱ्यांचा मला राग येतो. तो लग्नाचा चौक असतो, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चौकोनी चित्र, सुवासिनी तो तांदळाच्या पिठाने काढतात, आत पालघट देवी असते. वारली चित्रकार जिव्या सोमा मशेंना २०११ला पद्मश्री मिळाली, निदान त्यांची चित्रं आधी बघा. आणि 'माझ्या हाताखाली शीक' म्हणत वर्षभर फुकटात बॅकग्राउंड भरून घेणारे सर भेटले तर पळा. मी नाही पळाले, दीड वर्ष गेलं.

सामानाचं पटकन: जुना चुना पत्रीने, म्हणजे रंगाऱ्याच्या चपट्या पात्याने, खरवडून काढा, प्राइमर मारा, नाहीतर एका पावसाळ्यात पोपडे. पांढऱ्या एक्स्टिरियर पेंटमध्ये स्टेनर, म्हणजे छटा देणारे घट्ट रंग, मिसळले की स्वस्तात भागतं. आणि वस्तीत रविवारी नऊच्या आत पोचा, दहाला नळ येतो, मग तुमच्याकडे कुणी बघत पण नाही.