टेकडीवर होकायंत्र घेऊन जाण्याआधी

ऑफिसच्या मंडळींसाठी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर होकायंत्राचा खेळ पुन्हा ठेवलाय: होकायंत्राने दिशा धरायची, पावलांनी अंतर मोजायचं आणि खुणेसाठी लावलेल्या चिंध्या शोधायच्या. पाणी, टोपी, बूट, शिट्टी हे वेगळं सांगत नाही.

आदल्या रात्री सगळी होकायंत्रं टेबलावर हातभर अंतराने मांडा आणि सुयांची लाल (उत्तर दाखवणारी) टोकं एकाच दिशेला आहेत ना, ते बघा. मागच्या वेळी मी हे केलं नाही. आठही होकायंत्रं मी ब्लूटूथ स्पीकरच्या पिशवीत टाकून नेली. स्पीकरच्या चुंबकाने त्यातल्या एकाची सुई फिरली आणि लाल टोक दक्षिण दाखवू लागलं. सुई अडकत नव्हती, दोनदा डोलून छान स्थिर होत होती, मग संशय येणार कुठून? ज्या चौघांना खाणीकडे जायचं होतं, ते दिलेले अंश (उत्तरेपासूनचा कोन) नीट लावूनही उलट, पाषाण भागाच्या बाजूला उतरले. दोन तास उन्हात. एकीला चक्कर आली. त्यांची काही चूक नव्हती.

तेव्हा स्पीकर, फोन, चुंबकाचं झाकण असलेलं कव्हर, पॉवर बँक यांच्यासोबत होकायंत्र नको. वेगळा डबा घ्या.

वर पोचल्यावर पुन्हा तपासा. हो, पुन्हा. सकाळी साडेसात वाजता सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं की लाल टोक डाव्या हाताच्या बाजूला यायला हवं. हवा स्वच्छ असेल तर सिंहगडावरचा टॉवर दिसतो. वेताळाच्या देवळाजवळून त्यावर रोख धरला की साधारण 200 अंश येतात. ज्याचे 20 येतील, ते होकायंत्र बाद.

काळ्या कातळावर होकायंत्र टेकवून अंश घेऊ नका. आपल्या या कातळात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, सुई थोडी ओढली जाते. छातीशी आडवं धरा. खरी उत्तर (नकाशावरची) आणि चुंबकीय उत्तर (सुई दाखवते ती) यांतला फरक पुण्यात एका अंशाच्या आत आहे, त्यामुळे बेरीज-वजाबाकी करत बसू नका.

अंतर पावलांनी मोजायचं, म्हणून प्रत्येकाची पावलं आधी सपाटीवर 100 मीटरला मोजून घ्या. फक्त डावं पाऊल मोजलं तर बहुतेकांची 60 ते 70 भरतात; चढावर वाढतात. 300 मीटरच्या टप्प्यात 5 अंशांची चूक म्हणजे सुमारे 26 मीटर बाजूला, आणि घाणेरीच्या जाळीत 26 मीटरवरची चिंधी दिसत नाही. म्हणून टप्पे 150 मीटरच्या आतच ठेवा.

गट चौघांचा. एकाकडे होकायंत्र, एक पावलं मोजणारा, एक पुढे जाऊन उभा राहणारा, चौथ्याकडे नकाशा. साहेबांच्या हातात होकायंत्र देऊ नका, बाकीचे नुसते मागे चालतात.

टेकडीचा बराच भाग वनखात्याचा आहे, परवानगी आधी विचारा. झाडांना खिळे नकोत, रंग नको. गवत वाळलं असेल तर काडी-सिगारेट अजिबात नाही. दहाच्या आत उतरायचं. डोकी मोजा, चिंध्या परत आणा, नाश्ता खाली.

आणि होकायंत्रं परत घेताना त्याच वेगळ्या डब्यात. स्पीकरच्या पिशवीत नाही.