थर्माकोलचे मणी आणि स्वतःच उभा राहणारा विषाणू

ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या घरी संध्याकाळी नववीची पाच-सहा मुलं शिकायला येतात. "काकू, रेणूंना कुठे बसायचं ते कोण सांगतं?" असं एकीने विचारलं, तेव्हापासून रेणू आपोआप आपल्या जागी कसे बसतात, हा धडा मी पाण्यानेच सुरू करते.

बीनबॅगमधले मूठभर थर्माकोलचे मणी घ्या. दोन चाळण्यांतून चाळून एकाच मापाचे निवडा. यात कंटाळा नको. कोरडे मणी बोटांना चिकटतात, म्हणून ओला चमचा वापरा. परातीत काचेचा बाऊल ठेवून काठोकाठ भरा आणि पाणी काठावर फुगेपर्यंत चमच्याने घालत राहा. पाणी काठाखाली राहिलं की मणी कडेलाच जाऊन चिकटतात. आमचा पहिला प्रयोग त्यातच फुकट गेला.

आता तीस-चाळीस मणी सोडा. जवळ आलेले दोन मणी शेवटच्या क्षणी झपकन चिकटतात. तराफा बनतो, पण वेडावाकडा, मध्ये भोकं. बाऊलला टिचक्या मारा, हलकेच फुंका. मणी सुटतात, सरकतात, पुन्हा बसतात. मग आतल्या मण्याभोवती सहा मणी मोजता येतात.

इथे मुलांना बोलू द्या. ओढ हलकी आहे म्हणूनच चूक सुधारते; फेविकॉल असता तर पहिलीच चूक कायम राहिली असती.

मण्यांना ओढतो पाण्याचा पृष्ठताण. प्रथिनांत ते काम हायड्रोजन बंध (रेणूंमधली हलकी पकड), विद्युतभार आणि तेलकट भागांची पाण्यापासून लपण्याची ओढ करते. टिचक्या मारतात ते उष्णतेने थरथरणारे पाण्याचे रेणू. तंबाखूच्या झाडाला रोग लावणाऱ्या मोझॅक विषाणूत एकाच साच्याची सुमारे २१३० प्रथिनं आरएनएभोवती, म्हणजे विषाणूची आनुवंशिक माहिती असलेल्या धाग्याभोवती, मळसूत्रासारखी बसतात. आपण चाळून एकाच मापाचे मणी निवडले ते यासाठी. १९५५ मध्ये फ्रेंकेल-कॉनराट आणि विल्यम्स या शास्त्रज्ञांनी ती प्रथिनं आणि आरएनए वेगळी काढून पुन्हा एकत्र केली, तर रोग पसरवणारा विषाणू परत तयार झाला!

नॅनोतंत्रज्ञानाला, म्हणजे रेणूंच्या मापाच्या वस्तू घडवण्याच्या तंत्राला, हेच हवंय: एकेक रेणू उचलून ठेवायचा नाही, तुकडेच असे घडवायचे की ते आपली जागा शोधतील. २००६ मध्ये पॉल रोथमुंड या शास्त्रज्ञाने डीएनएचा एक लांब धागा दोनशेहून जास्त छोट्या तुकड्यांसोबत तापवून सावकाश थंड केला. त्यातून सुमारे १०० नॅनोमीटरचे (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) हसरे चेहरे घडले, एका थेंबात अब्जावधी. ते सावकाश थंड करणं म्हणजे आपल्या टिचक्याच.

झाल्यावर मणी गाळणीने गोळा करा. मोरीत गेले तर थेट खाडीत पोचतील.