बरणीच्या झाकणाची तुटलेली मूठ

चिनी मातीच्या बरणीच्या झाकणाची मूठ तुटली तरी झाकण वाया जात नाही. दोन्ही तुकडे साबणाने धुऊन दिवसभर वाळवा. तुटलेल्या जागी झिलई नसते, ती ओल शोषते आणि ओलीवर जोड धरत नाही. दोन नळ्यांचं इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारा गोंद, समसमान घेऊन मिनिटभर घोटा, पातळ थर एकाच बाजूला द्या. जाड दिलात तर मूठ घसरते. मूठ सरळ वर राहील असं झाकण तांदळाच्या वाडग्यात रोवा. बाहेर आलेलं इपॉक्सी रबरासारखं झालं की ब्लेडने सोला, मग 24 तास हात लावू नका. झटपट चिकटणारा गोंद नकोच, एका धक्क्यात सुटतो. आतल्या बाजूला चीर असेल, तर ते झाकण लोणच्यावर ठेवू नका.