ह्यूस्टनच्या अंगणातला आंबा: थंडीआधीच्या तयारीची यादी

टेक्सासातल्या ह्यूस्टन, शुगरलँड, केटीकडच्या मराठी घरांच्या मागच्या अंगणात ठरलेली मंडळी असतात: कढीपत्ता, लिंबू, केळी, पेरू, शेवगा, आणि हौस दांडगी असेल तर आंबा नि चिकू. मार्च ते नोव्हेंबर त्यांची काही तक्रार नसते. प्रश्न असतो हिवाळ्यातल्या मोजक्या रात्रींचा, आणि त्याही दरवर्षी सारख्या नसतात. एखादा हिवाळा असा जातो की केळीचं पानसुद्धा करपत नाही. मग फेब्रुवारी २०२१ सारखा एखादा येतो आणि मोठ्या विमानतळावरचा पारा १३ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे शून्याखाली साडेदहा सेल्सिअसवर जाऊन टेकतो. डिसेंबर २०२२ मध्ये तो १५ वर गेला होता. जानेवारी २०२५ मध्ये तर चक्क बर्फ पडलं.

थंडीचा इशारा आला की इथले टीव्हीवाले एकच क्रम घोकून घेतात: आधी माणसं, मग पाळीव प्राणी, मग पाइप, मग झाडं. क्रम योग्यच आहे. पण त्यामुळे झाडांच्या वाट्याला शेवटचा अर्धा तास येतो, तोही अंधारात आणि वाऱ्यात. म्हणून ही यादी ऑगस्टपासून सुरू होते.

पहिलं काम कागदावरचं: कोणाला वाचवायचं आणि कोणाला सोडून द्यायचं, हे झाडागणिक लिहून ठेवा. इथून पुढचे आकडे फॅरनहाइटमध्येच देते, कारण इथला अंदाज त्यातच येतो. ३२ म्हणजे शून्य सेल्सिअस. ट्रायफोलिएट नावाच्या थंडी सोसणाऱ्या लिंबूवर्गीय झाडाच्या खुंटावर, म्हणजे मुळासकटच्या खालच्या भागावर, कलम केलेलं सत्सुमा संत्रं आणि इवल्या संत्र्यासारखं कुमक्वाट २५ च्या आसपासपर्यंत बऱ्यापैकी निभावून नेतात, त्यांच्यासाठी फार धावपळ नको. मेक्सिकन जातीचं ॲव्होकाडो मोठं झालं की तेही. केळी, शेवगा, कढीपत्ता आणि पेरू वरून जळतात, पण बहुतेक वेळा मुळातून परत फुटतात. आंब्याचं मोठं झाड २५ पर्यंत काही तास सोसतं, पानं आणि बारीक फांद्या गमावून. लहान कलम मात्र २९-३० लाच मरू शकतं. चिकूचं तसंच, लहानपणी नाजूक आणि वय झाल्यावर चिवट. फणस २८ च्या आसपास संपतो. पपई ३१ लाच मान टाकते, आणि माझं मत विचाराल तर पपईसाठी रात्र जागवू नये. जानेवारीत घरात बी टाकावं, मार्चच्या शेवटी रोप अंगणात लावावं, थंडीच्या आत पदरात पडेल ते खावं.

अजून लावायचंच असेल तर ते मार्चमध्ये लावा, म्हणजे पहिल्या थंडीआधी अख्खा उन्हाळा मिळतो. ऑक्टोबरात नर्सरीत मिळणाऱ्या सवलतीला भुलू नका. जागा घराच्या दक्षिणेची, विटांच्या भिंतीपासून पाच-सहा फुटांवर. इथला कडाका उत्तरेकडून येतो, घर तो अंगावर घेतं आणि दिवसभर तापलेली भिंत रात्री थोडी ऊब देत राहते. इथली माती म्हणजे चिकट काळी गंबो. तिच्यात खड्डा करून झाड लावलं तर पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून फूट-दीड फूट उंचवटा करून त्यावर लावा. आंब्याची निवड करताना हापूसचा हट्ट सोडलेला बरा. इतक्या दमट हवेत मोहोर करप्याने काळा पडतो आणि हापूस आधीच धरायला नखरेल. ठेंगण्या जातींमध्ये पिकरिंग, कॅरी, नाम डॉक माई फ्लोरिडाच्या नर्सऱ्यांकडे मिळतात. आपल्याकडची चव हवी असेल तर मल्लिका बघा, नीलम आणि दशहरीचा दिल्लीत केलेला संकर. आणि कृपा करून सुट्टीहून येताना बॅगेत हापूसची कोय आणू नका. परवानगीशिवाय ते चालत नाही, कोयीतून कीड येऊ शकते, आणि इतकं करून त्या कोयीतून हापूसच निघेल याचीही खात्री नाही. कढीपत्त्याची रोपं दुसऱ्या राज्यातल्या मैत्रिणीला भेट म्हणून नेणंही टाळा. लिंबूवर्गाचा ग्रीनिंग रोग पसरवणारा सिला नावाचा कीटक कढीपत्त्यावर आनंदाने राहतो, त्यामुळे या रोपांवर वाहतुकीचे निर्बंध आहेत.

ऑगस्टअखेर नत्राचं खत बंद. सप्टेंबरनंतर छाटणीही बंद. दोन्हींमुळे कोवळी तांबूस पालवी फुटते, आणि डिसेंबरात ती सगळ्यात आधी जाते. झाड थंडीत शिरताना जून, गडद पानांचं आणि थोडं सुस्तावलेलं असावं. लॉनला घातलेलं खतही मुळांपर्यंत पोचतं, तेवढं गवत कापायला येणाऱ्या माणसाला सांगून ठेवा. कुंड्यांचा बंदोबस्त याच दिवसांत करा: पंधरा गॅलनपर्यंतची कुंडी दोघांना उचलता येते, पंचवीसची ओली कुंडी चाकांच्या गाडीशिवाय हलत नाही. गॅरेजमध्ये जागा मोजून बघा, गाडी बाहेर काढावी लागणार असेल तर घरात आधीच वाटाघाटी उरका. कुंड्या आत घेण्याआधी पानांच्या खालच्या बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, नाहीतर घराच्या उबेत खवले कीड आणि लाल कोळी महिनाभरात झाड खाऊन टाकतात.

आता या यादीतलं मुख्य काम. इथे आंब्याची पानं वाचवायची नसतात, खोड वाचवायचं असतं. कलमी झाडाच्या बुंध्याशी, जमिनीपासून वीत-दीड वीत वर एक गाठ किंवा तिरकी खूण दिसते. तिच्या वरची साल एका पोताची असते आणि खालची जरा वेगळी, खरबरीत. हाच कलमाचा जोड. जोडाच्या वर हातभर लाकूड जिवंत राहिलं तर एप्रिलमध्ये तिथूनच तुमची मल्लिका परत येते. जोडाच्या खालून फूट आली तर ते खुंटाचं झाड. फळ धरलं तरी कसलं धरेल, देव जाणे. थँक्सगिव्हिंगच्या आसपास, म्हणजे नोव्हेंबरअखेर, बुंध्यावर तांब्याच्या बुरशीनाशकाचा हात फिरवा, मुंग्यांचं वारूळ नाही ना ते बघा, आणि स्वच्छ मातीची भर जोडाच्या वर फूटभर येईल इतकी रचा. मातीत पालापाचोळा किंवा पेंढा मिसळू नका, त्याने साल कुजते. टेक्सासच्या संत्राबागांमध्ये लहान झाडं वाचवण्याची ही जुनी रीत आहे. वर कितीही जळो, मातीतलं खोड बहुधा हिरवं निघतं. ही भर मार्चच्या सुरुवातीला काढायची, विसरायचं नाही.

सामान नोव्हेंबरातच घरात हवं. इशाऱ्याच्या दिवशी फ्रॉस्ट क्लॉथ म्हणजे झाडं झाकायचं पांढरं कापड कुठल्याच दुकानात शिल्लक नसतं, आणि पाइपांवर चढवायचे फोमही नसतात. जाड कापड चार ते सहा अंशांचा फरक पाडतं. जुन्या चादरी चालतात. गोधड्या आणि जाड ब्लँकेट पावसात भिजली की त्यांच्या भाराने फांद्या मोडतात, म्हणून त्या सांगाड्यावरच टाका. पीव्हीसी पाइपचा साधा सांगाडा, विटा, चिमटे, बाहेर वापरायची एक्स्टेंशन कॉर्ड आणि कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर घ्या. विमानतळाचा आकडा विमानतळाचा असतो; तुमच्या कुंपणाशी तीन-चार अंश इकडेतिकडे सहज होतात. नाताळच्या दिव्यांच्या माळा जुन्या, मोठ्या, तारेच्या बल्बांच्या शोधा, एलईडीला ऊब नसते. पारा ३५ वर आला की आपोआप चालू होणारा आणि ४५ वर बंद होणारा सॉकेट मिळतो, तो घेतलात तर पहाटे उठावं लागत नाही. बल्ब कापडाला टेकणार नाही आणि प्लग पाण्यात येणार नाही, याची खात्री मात्र स्वतः करा.

विजेवर सगळी भिस्त ठेवू नका. २०२१ मध्ये टेक्सासात चाळीस लाखांहून जास्त घरांची वीज गेली होती आणि ती नेमकी थंडीच्या ऐन रात्रीच गेली. तेव्हा दिव्यांच्या माळा नुसत्या शोभेला राहतात. त्यावर सोपा उपाय पाण्याचा. १५ सेल्सिअसचं २०० लिटर पाणी शून्यावर उतरेपर्यंत साडेतीन युनिटच्या आसपास उष्णता सोडतं, म्हणजे १०० वॅटचा बल्ब पस्तीस तास जळावा तितकी. पुढे ते गोठायला लागलं तर त्याच्या पाचपट. झाडाच्या बुंध्याजवळ, सांगाड्यावर टाकलेल्या कापडाच्या आत, पाण्याने भरलेला एक ड्रम किंवा झाकण लावलेल्या सात-आठ बादल्या ठेवल्या, तर वीज गेली तरी त्या आपलं काम करतात. झाडावर रात्रभर पाणी फवारत ठेवायची बागायतदारांची युक्ती घरी करू नका. मध्येच पाण्याचा दाब गेला तर नुकसान दुप्पट होतं, आणि बर्फाच्या वजनाने फांद्या फाटतात.

इशारा आला की तो नीट वाचा. ‘फील्स लाइक’चा आकडा सोडून द्या, वाऱ्यामुळे माणसाला जास्त गारठा वाटतो, झाडाला खरा पारा कळतो. पाहायचं ते एवढंच: पारा किती आणि किती तास. ३० अंश पहाटे दोन तास, ही एक गोष्ट. सलग तीस तास ३२ च्या खाली, ही अगदी वेगळी. रात्र कोणत्या जातीची आहे तेही बघा. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर दंव पडणार. त्या रात्री जमिनीची ऊब कापडाखाली अडते आणि झाकण खूप उपयोगी पडतं. उत्तरेचा सोसाट्याचा वारा असेल तर तो सगळी ऊब उडवून नेतो, तेव्हा कापडाच्या कडा विटांनी दाबलेल्या नसतील तर झाकणं ना झाकणं सारखंच. अशा वेळी आतून उष्णता हवीच.

आदल्या दोन दिवसांत कुंड्यांना आणि आळ्याला भरपूर पाणी द्या. ओली माती कोरडीपेक्षा जास्त ऊब धरते. आंब्याच्या आळ्यातलं आच्छादन बाजूला सारा म्हणजे जमीन तापेल, पण केळीच्या कंदावर मात्र उलट, फूटभर पालापाचोळा रचा. झाकायचं काम दुपारी चारपर्यंत उरका, सूर्य उतरण्याआधी. कापड जमिनीपर्यंत आलं पाहिजे. बुंध्याला गुंडाळून दोरीने आवळलेलं कापड दिसायला नीटस दिसतं, पण जमिनीतून येणारी ऊब बाहेरच राहते. प्लास्टिक टाकायचंच असेल तर कापडाच्या वरून, पानांना न चिकटता.

केळीचं जरा वेगळं. घडाला नऊ महिने ते सव्वा वर्ष लागतं, त्यामुळे दर हिवाळ्यात खोड जमीनदोस्त झालं तर पानं मिळतील, केळी नाहीत. पानं गेली तर जाऊ द्या. गणपतीपर्यंत हवी तितकी येतात, तेव्हा शेजारच्या चार घरांनाही पुरतात. जपायचं ते खोड: सगळ्यात जाडजूड दोन खोडं निवडा, पानं उतरवा, पाच फुटांपर्यंत ब्लँकेट गुंडाळा आणि वरून ताडपत्री बांधा. बाकीच्या मुनव्यांकडे, म्हणजे बाजूने फुटलेल्या पिलांकडे, बघू नका. कडाका ओसरल्यावर खोड वरून मऊ आणि तपकिरी झालेलं दिसेल, दाबलं तर पाणी सुटतं आणि आंबूस वास येतो. धारदार सुरीने वरून चार-चार बोटांच्या चकत्या कापत खाली या. मधोमध पांढराशुभ्र, घट्ट गाभा दिसला की थांबा. दोन-तीन उबदार दिवसांत त्या गाभ्यातून नव्या पानाची सुरळी बोटभर वर आलेली दिसते.

सकाळी ऊन आलं आणि पारा ३५ च्या वर गेला की झाकणं उघडा, नाहीतर बंद कापडात झाड उकडतं. मग हात आवरा. आंबा, पेरू, चिकू यांची काळी पडलेली पानं आणि वाळलेल्या फांद्या कितीही डोळ्यांत खुपल्या तरी मार्चअखेरपर्यंत कात्री लावू नका. पुढच्या थंडीत त्याच आतल्या लाकडाला आडोसा देतात, शिवाय नेमकं कुठवर मेलं ते लगेच कळत नाही. कळायला हवंच असेल तर नखाने साल खरवडा: आत हिरवं असेल तर जिवंत. पानं गेलेल्या झाडाला पाणी निम्मं करा. उघड्या पडलेल्या खोडाला पुढचं ऊन भाजतं, म्हणून पांढरा लेटेक्स रंग तितक्याच पाण्यात मिसळून बुंध्याला फासा.

कॉलनीचे नियम सांभाळणाऱ्यांकडून फेब्रुवारीत समोरच्या अंगणातल्या ताडपत्रीबद्दल पत्र येऊ शकतं, तेव्हा शक्यतो सगळा संसार मागच्या बाजूला ठेवा.

मे संपला तरी जोडाच्या वर काही फुटलं नाही आणि खालून जोमदार फुटवे आले, तर झाड उपटू नका. एकच सरळ फुटवा ठेवून बाकीचे काढा. तो पेन्सिलीएवढा जाड झाला की त्यावर हव्या त्या जातीची काडी बांधता येते. खालचं मूळ अनेक वर्षांचं असल्याने हे कलम नर्सरीतून आणलेल्या नव्या रोपाच्या कितीतरी आधी वाढीला लागतं, आणि नोव्हेंबरात मातीची भर कुठवर रचायची ते तुम्ही स्वतः बांधलेल्या जोडामुळे नेमकं ठाऊक असतं.