ग्राहकाने कामाचे पैसे थकवल्यास वसुलीचा दावा कसा करावा

मुंबईच्या लघुवाद न्यायालयाच्या नावामुळे लहान रकमेची वसुली तेथे होत असावी असे वाटते, परंतु तेथे प्रामुख्याने घरमालक आणि भाडेकरू यांचेच वाद चालतात. डिझायनर, अनुवादक किंवा लहान कंत्राटदार यांना थकलेल्या बिलासाठी वेगळे मार्ग धरावे लागतात.

प्रथम मुदत पाहावी. १९६३च्या मुदत कायद्यानुसार असा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत दाखल व्हावा लागतो, आणि “पुढच्या महिन्यात नक्की देतो” अशा तोंडी आश्वासनांनी ही मुदत वाढत नाही. मात्र मुदत संपण्यापूर्वी ग्राहकाने थकलेली रक्कम सहीनिशी लेखी मान्य केली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षे मिळतात. ओळखीच्या माणसाकडे असा कागद मागणे आपल्याला संकोचाचे वाटते, तरीही संबंध बिघडण्याआधीच तो मागून घ्यावा.

काम स्वीकारण्यापूर्वीच उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केलेली असेल, तर माझ्या मते सूक्ष्म व लघु उद्योगांच्या थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी परिषदेकडे आधी जावे. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार पैसे देण्याची मुदत करारातही ४५ दिवसांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. ग्राहक देशात कोठेही असला, तरी अर्ज आपल्या भागातील परिषदेकडेच करता येतो. तेथे आधी समेटाचा प्रयत्न होतो आणि तो फसल्यास प्रकरण लवादाकडे जाते. परिषदेच्या निवाड्याला न्यायालयात आव्हान देताना ग्राहकाला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, हे या मार्गाचे खरे बळ आहे.

नोंदणी नसेल, पण ठरावीक रकमेचा लेखी करार असेल, तर वकिलामार्फत नोटीस पाठवून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खाली समरी सूट, म्हणजे संक्षिप्त पद्धतीने चालणारा दावा, दाखल करावी. यात समन्स मिळाल्यावर प्रतिवादीने १० दिवसांत हजर व्हावे लागते आणि बचाव मांडण्यासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. व्यावसायिक वाद तीन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचा असेल आणि तातडीचा आदेश मागायचा नसेल, तर दाव्यापूर्वी मध्यस्थी बंधनकारक आहे.

पुरावा म्हणून करार, बिले, काम पोहोचल्याची पोच आणि बँकेचे उतारे तारखेनुसार लावावेत. व्हॉट्सॲप संदेशांच्या व ईमेलच्या छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे.