कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचा की बदलायचा? या चुका टाळा

कात्रजच्या चढाला गाडी दमते, पाय दाबला की आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा. स्कॅनर लावला की पी०४२० कोड येतो, म्हणजे संशय कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर, सायलेन्सरच्या नळीतल्या विषारी वायू कमी करणाऱ्या डब्यावर. आणि गॅरेजमधून दोनच सल्ले मिळतात. एक, "कन्व्हर्टर गेला, नवा टाका." दुसरा, "काढून सरळ पाईप मारून देतो, गाडी पळेल." दोन्ही सल्ल्यांत एकच घाई आहे. कन्व्हर्टर सहसा आपणहून जात नाही, इंजिनातलं दुसरं काहीतरी त्याला मारतं. ते न शोधता नवा टाकलात तर तोही जाणार, आणि काढून टाकलात तर मूळ दुखणं झाकलं जाणार.

कोड आला म्हणजे कन्व्हर्टर गेला, असं धरून चालणं

पी०४२० चा अर्थ एवढाच: कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरला अपेक्षेपेक्षा जास्त चढउतार दिसले (दुसरा सेन्सर कन्व्हर्टरच्या पुढे, इंजिनाकडे असतो). इंजिनातून धूर जिथे बाहेर पडतो त्या मॅनिफोल्डपासून मागच्या सेन्सरपर्यंत कुठे गॅस्केट फुंकत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि हाच कोड येतो. म्हणून पहिली तपासणी फुकटची करा. सकाळी थंड गाडी चालू करून सायलेन्सरचं तोंड जाड ओल्या फडक्याने क्षणभर दाबा. लीक असेल तिथे फुसफुस ऐकू येते, बहुतेक वेळा सांध्याभोवती काजळीही दिसते.

लीक नसेल तर गाडी वीसेक मिनिटं चालवून गरम करा, २५०० आरपीएमवर धरा आणि स्कॅनरवर दोन्ही सेन्सरचे व्होल्ट पाहा. जुन्या पद्धतीचा पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत हलतो, मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत राहतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कन्व्हर्टरची ऑक्सिजन साठवण्याची ताकद संपली आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत पुढे वाइडबँड (वेगळ्या पद्धतीने मोजणारा) सेन्सर असतो, तो असा हलत नाही. तिथे फक्त मागच्याकडे लक्ष द्या.

मागचा सेन्सर मेलेला असला तरी तो शांतच दिसतो. म्हणून एकदा ॲक्सिलरेटर झटक्यात दाबून सोडा. जिवंत सेन्सर ०.८ कडे चढतो आणि पाय उचलल्यावर ०.२ च्या खाली येतो. पी०४२० साठी "आधी मागचा सेन्सर बदलून पाहू" असं म्हणणाऱ्याला थांबवा. सेन्सर सुस्त झाला की चढउतार कमी दाखवतो. त्यामुळे तो हा कोड आणण्यापेक्षा लपवण्याचीच शक्यता जास्त.

निकामी आणि चोक यांत गल्लत

निकामी म्हणजे काम न करणारा, चोक म्हणजे तुंबलेला. ही दोन वेगळी दुखणी आहेत. आतल्या जाळीवरच्या मुलाम्यातले प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम निष्प्रभ झाले तर फक्त दिवा लागतो, पिकअपला काही होत नाही. पिकअप गेला असेल तर आतली सिरॅमिकची जाळी वितळलेली किंवा तुटून आडवी झालेली असू शकते. पण घसरणारा क्लच किंवा अशक्त फ्युएल पंपही चढावर असंच वागतो, म्हणून अंदाज नको, दाब मोजा. पुढचा सेन्सर काढून त्या १८ मिलिमीटरच्या आट्यात प्रेशर गेज लावा. आयडलला साधारण १.५ पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमला ३ च्या आत असेल तर वाट मोकळी आहे. त्याहून बराच जास्त असेल तर चोक.

इंजिनची हवा ओढण्याची ताकद मोजणारा व्हॅक्यूम गेज असेल तर सेन्सरला हातही लावावा लागत नाही. काटा आयडलला स्थिर, २५०० ला नेल्यावर आधी सावरतो आणि मग अर्ध्या मिनिटात हळूहळू खाली सरकत राहतो, तर पुढे वाट बंद आहे. तक्त्यांतले १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) हे समुद्रसपाटीचे आकडे. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे निरोगी इंजिनही दीड-दोन इंच कमीच दाखवतं. ते पाहून व्हॉल्व्हचं काम काढू नका.

थंड कन्व्हर्टरवर रबरी हातोडी हलकेच मारा. आत खडे हलल्यासारखा खुळखुळ आवाज आला की जाळी सुटली आहे, तिथे पुढची चर्चा संपली. फक्त वरचं पत्र्याचं उष्णताकवच वाजत नाही ना, हे आधी हाताने धरून बघा.

मारेकऱ्याला तसंच सोडणं

ही सगळ्यांत महागडी चूक. गाडी मिसिंग मारते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, तेव्हा न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि जाळी वितळते. इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर त्याचा अर्थ हाच. पाय हलका ठेवा, बाजूला घ्या, "गॅरेजपर्यंत जाऊ" म्हणून सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर ढकलू नका. पी०३०० ते पी०३०४ या मिसिंगच्या कोडपैकी काही साठवलेलं असेल तर प्लग, कॉईल, इंजेक्टर आधी. सीएनजीवर मिश्रण पेटवायला प्लगला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे दमलेली कॉईल पेट्रोलवर ठीक आणि सीएनजीवर मिसिंग असं होतं. चाचणी दोन्ही इंधनांवर घ्या.

इंजिन ऑइल खात असेल तर त्यातले फॉस्फरस आणि जस्त मुलाम्यावर थर चढवतात. हेड गॅस्केटमधून कूलंट जळत असेल तरी तसंच. असा लेपलेला कन्व्हर्टर थिनरने किंवा ॲसिडने धुऊन उजळत नाही, उलट ॲसिड मुलामाच खातं.

काढून सरळ पाईप

टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल गाडीत, चांगला कन्व्हर्टर काढून मिळणारा फायदा रस्त्यावर जाणवण्याइतका नसतो. काढल्यावर जो फरक वाटतो तो चोक गेल्याचा असतो, आणि तो नव्या कन्व्हर्टरनेही मिळतो. बदल्यात दिवा कायम, आवाज आणि वास गाडीत, आणि पीयूसीची अडचण. पुण्यात भारत स्टेज ४ हे धुराच्या प्रदूषणाचं मानक एप्रिल २०१० मध्येच आलं. त्या पेट्रोल गाड्यांना आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमची मर्यादा आहे. आता यातल्याच सुरुवातीच्या गाड्या पंधरा वर्षं पूर्ण करून पुन्हा पासिंगला येतात. सेन्सरखाली स्पेसर (त्याला वायूच्या धारेपासून दूर नेणारा तुकडा) घालून दिवा विझवता येतो, पण नळीतून निघणारा वायू तोच राहतो. शिवाय मालकाने असा बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलासाठी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पत्रा तसाच ठेवून आतली जाळी फोडणं तर त्याहून वाईट. ती धूळ फुफ्फुसात जाते आणि राहिलेले तुकडे मफलरमध्ये अडकून पुन्हा चोक करतात.

बदलताना

चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढा, मग नाना पेठेत किंवा डीलरकडे भाव विचारा. डबा सारखा दिसला म्हणजे आतला मुलामा सारखा नसतो. स्वस्त मालात मौल्यवान धातू कमी असतात आणि काही महिन्यांत पी०४२० परत येतो. वेल्डिंगचा युनिव्हर्सल घेतलात तर मूळ जागीच बसवा. मागे सरकवला तर काम सुरू व्हायला लागणारं २५०-३०० अंश तापमान गाठायला त्याला उशीर होतो. डब्यावरचा बाण वायूच्या दिशेने. गॅस्केट नवं, सिलिकॉन अजिबात नाही, कारण त्याची वाफ सेन्सर मारते. जुना तुटला असेल तर मफलर उतरवून आतले तुकडे झटकून काढा.

जुना कन्व्हर्टर गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. त्याला भंगारात चांगला भाव येतो, बिलातून वजा करून मागा. कोड पुसल्यावर लगेच पीयूसीला जाऊ नका. आधी दोन-तीन दिवस शहरात आणि थोडं हायवेला चालवा, स्कॅनरवर कॅटॅलिस्ट मॉनिटर (गाडीने स्वतः केलेली कन्व्हर्टरची चाचणी) पूर्ण झाल्याचं आणि फ्युएल ट्रिम (इंधनात गाडी करत असलेली दुरुस्ती) अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असल्याचं पाहा, आणि पीयूसीला नेताना इंजिन गरम असू द्या.